छोटं कुत्रं घरी आणताय? जात निवडण्यापासून पहिल्या वर्षापर्यंत

ओळखीत कुणी "आम्हालाही छोटं कुत्रं घ्यायचंय, कोणतं घेऊ?" असं विचारलं की मी आधी उलट विचारते, "दुपारी बारा ते चार तुमच्या घरी कोण असतं?" समोरचा गोंधळतो. त्याच्या फोनमध्ये पिल्लांचे वीस फोटो असतात, पण घरच्या दुपारचा विचार केलेला नसतो.

आमची बुंदी शित्झू जातीची आहे, वय चार वर्षं. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या-हॉलचं आमचं घर, घरात सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. ती आली तेव्हा छोटं कुत्रं म्हणजे थोडं काम, अशीच माझी समजूत होती. छोट्या कुत्र्याला जागा कमी लागते आणि खाणंही कमी लागतं, एवढं खरं आहे. वेळ मात्र मोठ्या कुत्र्याइतकाच द्यावा लागतो, आणि काही जातींना तर जास्तच. पहिल्या वर्षात मी जे अडखळत शिकले, ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी घराचा दिवस कागदावर मांडा

सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत घरात कोण, किती वेळ असतं ते खरंखरं लिहा. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही आणि त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. दोघेही नऊ ते सात ऑफिसात असाल तर पिल्लू आणू नका. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचं, सवयी लागलेलं कुत्रं दत्तक घ्या. लोक परगावी बदली झाली, बाळ झालं अशा कारणांनी चांगली शहाणी कुत्री सोडून देतात, आणि त्यांना घर हवं असतं.

छोट्या जाती साधारण १२ ते १५ वर्षं जगतात. मुलगा आज पाचवीत असेल तर तो नोकरीला लागेपर्यंत हे कुत्रं तुमच्याकडे असणार आहे. "मुलाला हवंय" म्हणून आणत असाल तर सकाळी साडेसहाला कुत्र्याला खाली घेऊन जाणारं माणूस कोण, हे आजच ठरवा. आमच्याकडे ते मी आहे.

घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर कुत्रं असलेल्या एखाद्या घरी दोन-तीनदा तासभर बसून या. "या जातीची ॲलर्जी होत नाही" असं विकणारे सांगतात, त्यावर जाऊ नका. ॲलर्जी कुत्र्याच्या लाळेमुळे आणि त्वचेच्या कोंड्यामुळेही होते. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची परवानगी करारात लिहून घ्या.

२. नाक, केस आणि आवाज पाहून जात निवडा

शित्झू: मूळ तिबेट-चीनकडचा. वजन चार ते सात किलो. लळा लावणारा, फार न भुंकणारा, म्हाताऱ्या माणसांजवळ तासन् तास बसणारा. केस कमी गळतात, पण आपल्या केसांसारखे वाढतच राहतात, त्यामुळे रोज फणी लागते. नाक चपटं, म्हणून उन्हाचा त्रास. डोळे मोठे आणि बाहेर आलेले, म्हणून त्यांना इजा पटकन होते.

पग: स्वभाव सोन्यासारखा. पण चपट्या नाकाच्या ज्या जातींमध्ये श्वासाचे हाल फार होतात, त्यांत हा येतो. त्याचं घोरणं लोकांना गोड वाटतं, पण बऱ्याचदा तो अरुंद श्वासमार्गाचा आवाज असतो. केस आखूड असूनही भरपूर गळतात आणि वजन झरझर वाढतं. नागपूर, जळगाव, सोलापूरकडच्या उन्हाळ्यात घरात कूलर किंवा एसी नसेल तर पग घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते.

पामेरियन: आपल्याकडे सगळे ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पामेरियन दोन-तीन किलोंचा, स्पिट्झ त्याहून थोराड. स्पिट्झ आपल्या हवेला सरावलेला, काटक आणि हुशार असतो. दाराची बेल, लिफ्टचा आवाज, समोरच्यांचं कुरिअर, प्रत्येक गोष्टीला तो भुंकणार. भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

ल्हासा अप्सो: शित्झूसारखा दिसतो, पण स्वभाव पहारेकऱ्याचा. परक्यांना लवकर जवळ करत नाही.

डॅशहुंड: लांब पाठ आणि आखूड पाय. पाठीच्या मणक्यातली चकती सरकण्याचा धोका या जातीला मोठा आहे. सोफ्यावरून उड्या आणि जिन्याची चढउतार टाळावी लागते, वजन आटोक्यात ठेवावं लागतं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर रोज उचलून न्यायची तयारी ठेवा.

चिवावा: हाडं फार नाजूक. घरात पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर नको.

"टीकप", "मायक्रो", "पॉकेट" या नावाची कुठलीही जात नसते. तसं सांगून विकलेलं पिल्लू एकतर वयाने फार लहान असतं किंवा अशक्त तरी.

आणि गावठी पिल्लाचाही विचार कराच. ते मोठं होऊन पंधरा-वीस किलोंचं होईल, पण केसांची कटकट नाही, नाकाची नाही, आणि आपलं ऊन-पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

३. पिल्लू कुठून घ्यायचं

इथे माझी चूक आधी सांगते. बुंदीला मी फोनवरचा फोटो पाहून घेतलं. विकणारा माणूस तिला वेताच्या टोपलीतून एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये घेऊन आला, "पंचेचाळीस दिवसांची आहे" म्हणाला आणि पाच मिनिटांत निघून गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून दात पाहिले आणि म्हणाले, "जेमतेम पाच आठवड्यांची आहे ही." ज्या वयात पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं ते शिकतं, त्या वयात ती आमच्या हॉलमध्ये एकटी होती. पुढचे पाच-सहा महिने माझ्या मुलाच्या मनगटांवर ओरखडे असायचे. त्यात तिचा काही दोष नव्हता.

श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. म्हणून:

- ब्रीडरच्या जागेवर स्वतः जा. पिल्लाची आई दाखवायला सांगा. "आई गावाला आहे" असं उत्तर आलं तर परत फिरा.
- आईकडे नीट पाहा. ती अंगाने खंगलेली, घाबरलेली, पिंजऱ्यात कोंडलेली असेल तर पिल्लू कितीही गोड असलं तरी घेऊ नका. तुम्ही पैसे दिलेत की तिला पुढच्या वेळी पुन्हा गाभण ठेवलं जातं.
- पिल्लाचे डोळे-नाक वाहत नसावेत, पोट मऊ, शेपटीखालची जागा स्वच्छ हवी. श्वास घेताना नाकपुड्या आत ओढल्या जात असतील तर चपट्या नाकाच्या पिल्लाला पुढे त्रास होणार.
- पिल्लू प्रत्यक्ष पाहण्याआधी एक रुपयाही ऑनलाइन पाठवू नका. फोटो एका पिल्लाचा, ॲडव्हान्स घेतला आणि फोन बंद, हा प्रकार सर्रास चालतो.
- "दया आली म्हणून" आजारी पिल्लू विकत घेण्याआधी चारदा विचार करा. उपचारांची तयारी असेल तर जरूर घ्या, पण डोळे उघडे ठेवून.

दत्तक घेताना संस्था तुमचं घर पाहायला येते, प्रश्न विचारते, नसबंदीची अट घालते. याचा राग मानू नका. असे प्रश्न विचारणारी माणसं कुत्र्याचं हित बघत असतात.

४. घेताना हातात यायला हवेत असे कागद

- लसीकरणाचं पुस्तक: लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असलेलं. नुसती पेनाने लिहिलेली तारीख पुरेशी नाही.
- जंतांचं औषध कधी दिलं त्याची नोंद.
- पावती: ब्रीडरचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख.
- मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक.
- केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद, तसं सांगून जास्त पैसे घेतले असतील तर. हा कागद वंशावळ सांगतो. पिल्लू निरोगी असल्याची हमी त्यात नसते.

"कागद नंतर कुरिअर करतो" असं कुणी म्हणालं तर पूर्ण पैसे देऊ नका.

५. पिल्लू येण्याआधी घरात काय आणून ठेवायचं

स्टीलचे दोन वाडगे, बसता-उठता-वळता येईल एवढा पिंजरा किंवा घडीचं कुंपण, धुता येणाऱ्या दोन गोधड्या, चावायची रबरी खेळणी, स्टीलची फणी, बारीक तारांचा ब्रश, नखं कापायची कात्री, डिजिटल थर्मामीटर आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा). गळपट्टा फक्त नावाचा बिल्ला अडकवायला ठेवा, पण दोर मात्र हार्नेसलाच लावा. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, आणि डोळे बाहेर आलेल्या कुत्र्यांमध्ये मानेला जोरात हिसका बसल्यावर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते.

चार्जरच्या वायरी वर बांधा. बाल्कनीच्या गजांमधून तुमची मूठ जात असेल तर पिल्लूही जाईल, तिथे जाळी लावा. फिनाइल, उंदराचं औषध, डांबरगोळ्या वरच्या फळीवर ठेवा. फरशी फिनाइलने पुसत असाल तर ती वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण ते पाय चाटतं.

६. पहिले पंधरा दिवस

पहिल्या रात्री ते रडणार. अंथरुणाजवळच त्याचा पिंजरा ठेवा, हात आत सोडा. "सवय लागेल" म्हणून बाल्कनीत एकटं ठेवू नका.

ब्रीडरकडे जे खाणं चालू होतं तेच आठवडाभर द्या आणि मग हळूहळू बदला. एका दिवसात बदललंत तर जुलाब होतात. गाई-म्हशीचं दूधही बऱ्याच पिल्लांना पचत नाही.

शी-शूची जागा एकच ठरवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला उचलून तिथे न्या, झालं की लगेच तोंडभरून कौतुक करा. चुकीच्या जागी केली तर न रागावता पुसून टाका. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग ते पलंगाखाली जाऊन करतं. आमच्याकडे याला अडीच महिने लागले.

७. लसी आणि जंत

पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. यात पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरे आजारांवरच्या लसी येतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी. जंतांचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी देण्याची पद्धत आहे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दुकानातून अंदाजाने आणू नका.

डोस पूर्ण होऊन दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर जमिनीवर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण त्याला घरात कोंडूनही ठेवू नका, कडेवर घेऊन बाहेर न्या. रिक्षा, हॉर्न, भाजीवाल्याची हाक, छत्र्या, हे सगळं याच वयात दाखवलं तर पुढे भीती बसत नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडांकडे फार लक्ष द्या. गोचिडीतून येणारा ताप रक्त पोखरतो. फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवून पाहा.

८. केस, डोळे, दात: रोजची पंधरा मिनिटं

लांब केसांचं कुत्रं घेणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा.

बुंदी आठ महिन्यांची असताना मी रोज तिच्या पाठीवरून ब्रश फिरवायचे आणि केस छान चमकायचे. एके दिवशी कानामागे हात गेला तर तिथे सुपारीएवढी कडक गाठ लागली. मी घाबरून डॉक्टरांकडे पळाले. ती गाठ केसांचीच होती. वरचे केस मोकळे दिसत होते आणि खाली कातडीलगत त्यांचा नमदा झाला होता. कातरून काढल्यावर खालची कातडी लाल आणि ओलसर निघाली. इतके दिवस मान हलवली की तिला तिथे ओढ बसत असणार.

तेव्हापासून पद्धत अशी: डाव्या हाताने केस वर उचलायचे, खालची कातडी दिसली पाहिजे, आणि एकेक थर खाली सोडत फणी मुळापासून टोकापर्यंत न्यायची. फणी अडकली की टोकाकडून सोडवत मुळाकडे जायचं. गुंता होतो तो कानामागे, काखेत, मांडीच्या सांध्यात आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली. अंघोळीच्या आधी गुंता काढायचा, कारण भिजलेला गुंता घट्ट आवळतो. अंघोळ दोन-तीन आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्या शाम्पूने, आणि केस मुळापर्यंत वाळवायचे. एवढा वेळ नसेल तर शित्झूचे केस दर सहा-आठ आठवड्यांनी बारीक कापून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. स्पिट्झ आणि पामेरियनचे केस मात्र उन्हाळा म्हणून तासू नका. त्यांची दुहेरी लव उन्हापासूनही राखण करते आणि तासलेले केस कधी कधी पुन्हा नीट येत नाहीत.

डोळे रोज सकाळी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. आणि घरातले माणसांचे ड्रॉप्स कुत्र्याच्या डोळ्यात कधीही घालू नका. बुंदी एकदा डावा डोळा मिचकावत होती, धूळ गेली असेल म्हणून मी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स घातले. संध्याकाळपर्यंत डोळा उघडेना. डॉक्टरांनी डोळ्यात एक रंग सोडला, निळा दिवा धरला, आणि बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका चमकताना मी पाहिला. ती जखम होती. आणि त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड होतं, जे जखम चिघळवतं. पंधरा दिवस दर चार तासांनी औषध घातलं, रात्रीसुद्धा गजर लावून. डोळा वाचला. मिचकावणं, पाणी येणं, पांढुरका डाग, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

छोट्या जबड्यात दातांची दाटी होते आणि किटण लवकर चढतं. पिल्लू असतानाच बोटावरच्या ब्रशची सवय लावा. पेस्ट कुत्र्यांचीच वापरा. नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की कापायची वेळ झाली. ढुंगण फरशीवर घासत चालत असेल तर शेपटीखालच्या ग्रंथी भरल्या असतील, त्या डॉक्टरांकडून मोकळ्या करून घ्या.

९. खाणं

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, मग तीनदा, मोठं झाल्यावर दोनदा. तयार खाणं द्या किंवा घरचं, पण घरचं द्यायचं तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. नुसता दूध-पोळी-भात हा कुत्र्याचा पूर्ण आहार नाही. पिल्लू फार लहान असेल आणि उपाशी राहिलं तर त्याची साखर उतरून ते लटपटू लागतं, म्हणून वेळ चुकवू नका.

आपल्या स्वयंपाकघरातले धोके: कांदा-लसूण (म्हणजे जवळजवळ प्रत्येक भाजी-आमटी), द्राक्षं, मनुका आणि बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल असलेले साखरविरहित च्युइंगगम, कोंबडीची शिजवलेली हाडं. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा पाहुणे प्रेमाने भरवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. दिवाळीतलं तळकट फराळाचंही तसंच. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, क्रोसिनसुद्धा, स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका.

वजनावर लक्ष ठेवा. पाच किलोंच्या कुत्र्याचं एक किलो वाढणं हे साठ किलोंच्या माणसाने बारा किलो चढवण्यासारखं आहे. फासळ्या बोटांना जाणवल्या पाहिजेत.

१०. ऊन, ढोल आणि फटाके

मार्च ते जूनमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याचेही पाय पोळणार. बंद गाडीत दोन मिनिटंही एकटं सोडू नका. जोरजोरात धापा, लाळ, गडद लाल जीभ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसेच दवाखान्याकडे निघा.

गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके असतात. घराच्या सर्वांत आतल्या खोलीत खिडक्या बंद करून, पंखा-टीव्ही चालू ठेवून, जवळ बसून राहा. मिरवणूक दाखवायला खाली नेऊ नका. फार थरथरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर औषध देतात, ते आठवडाभर आधी विचारून ठेवा. त्या दिवसांत कुत्री घाबरून पळतात, म्हणून बिल्ल्यावर तुमचा फोन नंबर हवाच.

११. परवाना आणि सोसायटी

महापालिकेचा परवाना काढा. साधारणपणे रेबीज लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा, तुमचं ओळखपत्र आणि कुत्र्याचा फोटो लागतो. रेबीजची लस झाल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि तो मुदतीत नूतनीकरण करावा लागतो. दोन्ही तारखा एकत्र लिहून ठेवा.

सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. तो कागद छापून घरात ठेवा, पण पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या तोंडावर धरू नका. मी परवान्याची आणि लसीची प्रत त्यांना स्वतःहून नेऊन दिली. लिफ्टमध्ये लहान मूल किंवा घाबरणारं कुणी असेल तर आम्ही पुढच्या खेपेला जातो, आणि शी उचलायची पिशवी कायम खिशात असते. वरच्या मजल्यावरच्या ज्या काकांनी सुरुवातीला तक्रार केली होती, ते आता बुंदीला नावाने हाक मारतात.

१२. रात्रीचा दवाखाना आजच शोधा

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ संध्याकाळी संपते आणि त्रास बहुतेकदा रात्री सुरू होतो. रात्री कोणता दवाखाना खरोखर उघडा असतो, ते फोन करून विचारा. तिथे एकदा जाऊन या, म्हणजे अंधारात गल्ली शोधावी लागणार नाही. कुत्र्याला चालणारा रिक्षावाला किंवा गाडीवाला शेजारी कोण, हेही ठरवून ठेवा.

सकाळची वाट पाहायची नाही अशा गोष्टी: रक्ताचे जुलाब, सतत उलट्या, श्वासाला धाप, निळसर हिरड्या, झटका, शूला बसतंय पण होत नाहीये, मागचे पाय ओढत चालणं, विषारी काही खाल्ल्याची शंका, १०४ च्या वर ताप. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ हे त्याचं नेहमीचं, त्यामुळे हाताने अंदाज करू नका, थर्मामीटर लावा. विष खाल्लं असेल तर त्याचं वेष्टन बरोबर घ्या. उलटी करवण्यासाठी मीठ-पाणी पाजू नका.

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे: दोन दवाखान्यांचे नंबर, बुंदीचं वजन, शेवटच्या लसीची तारीख आणि तिला न चालणाऱ्या औषधाचं नाव. सासूबाई घरी एकट्या असल्या तरी त्यांना वाचता यावा म्हणून तो मोठ्या अक्षरात लिहिला आहे.